१२,३४,५६,७८९ : यादीतले कोणते गुणधर्म संख्येचे आणि कोणते तिच्या लिखाणाचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका अ‍ॅपमध्ये तुम्ही १२,३४,५६,७८९ ही संख्या टाकलीत आणि त्याने भलीमोठी यादी समोर ठेवली: विषम, संयुक्त, न्यून, ‘आनंदी नाही’, अंकांची बेरीज ४५, विभाजक १२, दोन वर्गांची बेरीज नाही, आणि असंच बरंच काही. यातलं महत्त्वाचं कोणतं, ते कागदावर कसं काढायचं आणि उद्या दुसरी मोठी संख्या समोर आली तर सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला हवंय. शिवाय एक्सेलमध्ये या संख्येचा वर्ग केला तर शेवटी ५०० येतं, ते कसं काय, असंही विचारलंय. त्याकडे शेवटी येतो.

मी ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांना संख्या सिद्धांत शिकवतो, त्यामुळे अशा याद्या घेऊन येणारे नेहमी भेटतात. यादी लांब आहे ही खरी अडचण नाही. दोन अगदी वेगळ्या जातीचे गुणधर्म तिथे एकाच रांगेत बसवलेले असतात, तिथे गोंधळ होतो. काही गुणधर्म संख्येचे स्वतःचे असतात, काही फक्त आपण ती कशी लिहितो त्याचे.

ओळखायचं कसं? संख्या दशमानाऐवजी द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, लिहून बघायची. आपली संख्या तिथे १११ ०१०१ १०११ ११०० ११०१ ०००१ ०१०१ अशी २७ अंकी दिसते आणि तिच्यात १६ वेळा १ येतो. १ ते ९ ओळीने येण्याची सगळी शोभा गेली. अंकांची बेरीजही ४५ ची १६ झाली. पण ती विषम आहे, संयुक्त आहे, तिला १२ विभाजक आहेत, यातलं काहीच हललं नाही. जे हललं ते लिखाणाचं, जे राहिलं ते संख्येचं.

‘आनंदी’ हा प्रकार पूर्णपणे लिखाणाचा. अंकांचे वर्ग करून बेरीज करायची, आलेल्या संख्येवर पुन्हा तेच करायचं, आणि शेवटी १ आला तर संख्या आनंदी. आपल्या बाबतीत २८५, ९३, ९०, ८१, ६५, ६१, ३७ असं होत जातं आणि ३७ वरून पुढे ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६ आणि परत ३७ असं चक्र सुरू होतं. म्हणून ‘आनंदी नाही’. मुलांना बेरजेचा सराव म्हणून ठीक आहे, पण यातून संख्येबद्दल काही कळत नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर यादीतली ही ओळ सरळ खोडा.

मात्र अंकांच्या बेरजेला असं खोडून चालणार नाही. बेरीज ४५ असणं ही लिखाणाची गोष्ट असली, तरी ४५ ला ९ ने भाग जातो आणि त्यावरून संख्येलाही ९ ने भाग जातो, हे मात्र संख्येबद्दलचं विधान आहे. १०, १००, १००० या सगळ्यांना ९ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून ही कसोटी चालते. त्यातून गंमत अशी की १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदा वापरून कोणत्याही क्रमाने संख्या लिहा. असे ३,६२,८८० क्रम होतात आणि त्यातली एकही संख्या मूळ निघत नाही, कारण प्रत्येकीला ९ ने भाग जातो. आपल्या संख्येच्या शेवटी आणखी एक १ जोडला तर मात्र १,२३,४५,६७,८९१ ही मूळ संख्या मिळते.

आता मुख्य कामाकडे येऊ. संख्येचे स्वतःचे जे गुणधर्म यादीत आहेत, त्यातले बहुतेक एकाच गोष्टीवरून निघतात: मूळ अवयव. ते हातात आले की बाकीचं काम शाळकरी गुणाकाराचं.

९ ने भागून घ्या. १,३७,१७,४२१ उरतात. हिच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे आता ३ ने भाग जात नाही. पुढे दोन वाटा आहेत आणि कोणती सोयीची ते संख्येवर अवलंबून आहे, इथे सरसकट नियम सांगता येत नाही.

पहिली वाट म्हणजे ओळीने भागत जाणं: ५, ७, ११, १३... वर्गमूळापर्यंत, म्हणजे ३७०३ पर्यंत. या संख्येच्या बाबतीत ही वाट जीवघेणी आहे. भाग जाणारी पहिली मूळ संख्या ३६०७ आहे, आणि मूळ संख्यांच्या ओळीत ती ५०४ वी येते. तिच्या आधीच्या सगळ्या वाया जाणार.

दुसरी वाट फ्रेंच गणिती फर्माची. सतराव्या शतकातली युक्ती आहे आणि कागद-पेन्सिलवाल्यांसाठी आजही मला ती फार आवडते. विषम संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर ती दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते. म्हणून वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करायची, त्याचा वर्ग करायचा, त्यातून आपली संख्या वजा करायची आणि उरलेलं पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं. नसेल तर पुढचा पूर्णांक.

३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. त्यातून १,३७,१७,४२१ गेले की २१९५ उरतात. हा पूर्ण वर्ग आहे का? वर्गमूळ काढायची गरजच नाही: ५ ने संपणारा पूर्ण वर्ग २५ नेच संपतो, इथे शेवटी ९५ आहे. पुढे चला. ३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५. वजाबाकी ९६०४. शेवटी ०४ आहे, म्हणजे शक्यता आहे. आणि ९८ चा वर्ग बरोबर ९६०४. झालं. ३७०५ मधून ९८ वजा केले की ३६०७, आणि मिळवले की ३८०३.

म्हणजे १२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३. या दोन्ही संख्या मूळ आहेत, हे ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून तपासता येतं. तेवढं मात्र करा, कारण इथे आळस केला तर पुढचं सगळं उत्तर चुकतं.

जे काम ओळीने भागण्याच्या वाटेने पाचशे भागाकारांत होणार होतं, ते इथे दोन पायऱ्यांत झालं. पण यावरून फर्माची वाट नेहमीच जवळची असं समजू नका. ३६०७ आणि ३८०३ एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणूनच ती चालली. याच संख्येचं उलटं रूप घ्या: ९८,७६,५४,३२१. ९ काढल्यावर १०,९७,३९,३६९ उरतात आणि ते १७ × १७ × ३,७९,७२१ इतके आहेत. ओळीने भागणारा १७ पाशी लगेच पोचेल. फर्माच्या वाटेने जाणाऱ्याला पहिलं यश १,७९,५३० व्या पायरीला मिळेल, कारण जवळात जवळची जोडी २८९ आणि ३,७९,७२१ ही आहे आणि त्यांच्यात अफाट अंतर आहे. म्हणून माझी पद्धत अशी: आधी शंभरेकपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, मग फर्माच्या दहा-वीस पायऱ्या, आणि तरीही हाती काही लागलं नाही तर मुकाट्याने संगणक उघडायचा.

आता अवयवांतून काय काय निघतं ते बघू.

विभाजक किती? ३ चा घातांक ०, १ किंवा २ घेता येतो, म्हणजे तीन पर्याय. ३६०७ आणि ३८०३ चे दोन-दोन. ३ × २ × २ = १२. त्या बारा विभाजकांची बेरीज १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६ होते. यातला १३ म्हणजे १ + ३ + ९. या बेरजेतून संख्या स्वतः वगळली तर ५,४९,६६,०२७ उरतात. ही बेरीज संख्येपेक्षा कमी (इथे तर निम्म्याहूनही कमी) आहे, म्हणून तिला ‘न्यून’ म्हणतात. ६ किंवा २८ सारख्या संख्येत ही बेरीज संख्येइतकीच भरते, त्या परिपूर्ण. आपल्या संख्येशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ सोडून तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या), तिच्यापेक्षा लहान संख्या ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश. हेही सहज पटेल: ३ ने भाग जाणाऱ्या एक तृतीयांश गेल्या, ३६०७ आणि ३८०३ ने भाग जाणाऱ्या किती त्या असणार?

दोन वर्गांची बेरीज हा गुणधर्म मला या यादीतला सगळ्यात चांगला वाटतो, कारण तिथे वरवरची तपासणी फसते. वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च उरते. त्यामुळे ज्या संख्येची बाकी ३, ती दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही. आपल्या संख्येची बाकी १ आहे (शेवटचे दोन अंक ८९ बघितले तरी पुरे), म्हणजे दार उघडं दिसतं. पण आतला नियम कडक आहे: ज्या मूळ अवयवाची ४ ने भागल्यावरची बाकी ३ असेल, तो समसंख्येनेच यायला हवा. कारण असा अवयव दोन वर्गांच्या बेरजेला भागत असेल तर तो दोन्ही वर्गमूळांनाही भागतो, आणि मग त्याचा वर्गच बेरजेला भागतो. ३ दोनदा आलाय, त्याची हरकत नाही. ३६०७ ची बाकी ३ आहे आणि तो एकदाच आलाय. दार बंद. ३८०३ चीही तीच गत. दोघांची बाकी ३, गुणाकार केला की ९, आणि ९ ची बाकी १. म्हणून बाहेरून काही कळत नव्हतं.

सगळ्याच गोष्टींना अवयव लागतात असं मात्र नाही. संख्या पूर्ण वर्ग आहे का, हे शेवटच्या तीन अंकांवरून कळलं असतं: ७८९ ला ८ ने भागल्यावर बाकी ५ उरते आणि विषम वर्गाची बाकी नेहमी १ च असते. (जवळचा पूर्ण वर्ग बघायचाच असेल तर ११,१११ चा वर्ग १२,३४,५४,३२१ आहे.) तीन वर्गांची बेरीज होते का, हेही त्याच बाकीवरून ठरतं. फ्रेंच गणिती लजांद्रचा नियम असा की ४ ने जितक्या वेळा भाग जाईल तितक्या वेळा भागून घेतल्यावर ८ ने भागताना बाकी ७ उरली तरच नाही म्हणायचं. इथे बाकी ५, म्हणजे होते.

मसावि हा तर अवयव न पाडता काढण्याचाच विषय आहे. आपली संख्या आणि तिचं उलटं रूप यांचा मसावि काढताना दोघांचे अवयव पाडत बसणारी मुलं मी नेहमी बघतो. त्याऐवजी भागून बघा: १२,३४,५६,७८९ ला ८ ने गुणलं की ९८,७६,५४,३१२ येतात आणि बाकी उरते ९. दोघींनाही ९ ने भाग जातो हे आधीच माहीत आहे, म्हणून मसावि ९. एका ओळीत काम संपलं. भागून बाकी घेत जाण्याची ही युक्लिडची रीत शेकडो अंकी संख्यांनाही अशीच चालते.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर असं: लिखाणाचे गुणधर्म बाजूला काढा, बाकीवरून कळणारं आधी काढून घ्या, मग अवयव पाडा आणि उरलेलं सगळं त्यांच्यावरून मोजा.

तुम्ही आणखी एक विचारलंय: ही संख्या ‘विशेष’ आहे का? चेहरा सोडला तर नाही. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ मध्ये दाखवलेल्या निष्कर्षानुसार संख्येला वेगवेगळे मूळ अवयव साधारण किती असतात, तर तिच्या नैसर्गिक लॉगॅरिथमचा पुन्हा लॉगॅरिथम घेतल्यावर येतात तितके. इथे लॉगॅरिथम सुमारे १८.६३ येतो आणि त्याचा पुन्हा घेतला की २.९. आपल्या संख्येला वेगवेगळे मूळ अवयव तीन, म्हणजे अगदी चारचौघांसारखी. विभाजकांच्या बाबतीत १ पासून इथपर्यंतच्या संख्यांची सरासरी सुमारे १९ आहे आणि आपल्याकडे १२ आहेत. पण ही सरासरी मोजक्या श्रीमंत संख्यांनी वर ओढलेली असते. शेजारची १२,२५,२२,४०० बघा: २ पाच वेळा, ३ आणि ५ दोन-दोन वेळा, मग ७, ११, १३, १७ एकेकदा. तिला ८६४ विभाजक आहेत आणि तिच्याहून लहान कोणत्याही संख्येला इतके नाहीत. अशा संख्यांचा पद्धतशीर अभ्यास रामानुजन यांनी १९१५ च्या लेखात केला. विशेष म्हणायचं तर तिला म्हणावं, पण तिचा चेहरा साधा असल्यामुळे ती कुणी अ‍ॅपमध्ये टाकत नाही.

आता ‘मोठी’ म्हणजे किती मोठी, यावर बरंच अवलंबून आहे. नऊ-दहा अंकांपर्यंत वर सांगितलेलं पुरतं. त्यापुढे एक दरी पडते, आणि ती बऱ्याच जणांना चमत्कारिक वाटते: संख्या मूळ आहे का हे ठरवणं सोपं, पण नसेल तर तिचे अवयव शोधणं महाकठीण. कारण मूळ नसल्याचा पुरावा अवयव न शोधताही मिळतो. फर्माच्याच छोट्या प्रमेयानुसार, मूळ संख्येने भाग न जाणारी कोणतीही संख्या घेऊन तिचा ‘मूळ संख्या वजा एक’ इतका घात केला आणि त्या मूळ संख्येने भागलं, तर बाकी १ च यायला हवी. नाही आली तर संख्या संयुक्त, विषय संपला, पण कोणता अवयव हे त्यातून कळत नाही. एवढा मोठा घातही वर्ग करत करत झटपट निघतो. आपल्या २७ अंकी द्विमान संख्येला २६ वेळा वर्ग करणं पुरतं. या नुसत्या कसोटीला ५६१ सारख्या संयुक्त संख्या चकवतात, म्हणून प्रत्यक्षात मिलर-राबिनची सुधारलेली कसोटी वापरतात. सुमारे ४७५ कोटींपर्यंतच्या संख्येला ती २, ७ आणि ६१ हे तीन पाये (ज्यांचा घात करायचा त्या संख्या) घेऊन लावली तर निकाल पक्का असतो, शंकेला जागा नाही. कोणत्याही आकाराच्या संख्येला लागू पडणारी, संभाव्यतेवर न विसंबणारी आणि सिद्ध झालेली जलद रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितिन सक्सेना यांनी दिली. सिद्धांत म्हणून ती फार मोठी. रोजच्या कामाला मात्र मिलर-राबिनच.

ही दरी किती खोल आहे ते बघा. २ चा १०,४८,५७६ वा घात करून त्यात १ मिळवला की ३,१५,६५३ अंकी संख्या मिळते. ती संयुक्त आहे हे १९८७ पासून माहीत आहे, पण तिचा एकही मूळ अवयव सापडलेला नाही. सांकेतिक संदेशांसाठी वापरली जाणारी आरएसए पद्धत याच दरीवर उभी आहे. म्हणून दोन-तीनशे अंकी संख्या कुणी दिली आणि ‘विभाजक किती’ असं विचारलं, तर ‘सांगता येत नाही’ हे पूर्णपणे सन्माननीय उत्तर आहे.

राहता राहिला एक्सेलचा वर्ग. खरा वर्ग १५,२४,१५,७८,७५,०१,९०,५२१ आहे, म्हणजे १७ अंकी. एक्सेल १५ च अर्थपूर्ण अंक ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं, म्हणून तुम्हाला शेवटी ५०० दिसलं. ९ ने संपणाऱ्या संख्येचा वर्ग १ नेच संपायला हवा, यावरूनही गडबड पकडता येते. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये करून बघा, शेवटी ५२० येईल. तिथे २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतचे सगळे पूर्णांक बिनचूक राहतात. त्यापुढच्या टप्प्यात फक्त सम संख्याच साठवता येतात, आणि आपला वर्ग विषम आहे. आठ अंकी संख्यांचे वर्ग बहुतेक यातून सुटतात (९,४९,०६,२६५ पर्यंतच्यांचे नक्की), नऊ अंकींचे सहसा नाही. म्हणून मिलर-राबिन किंवा फर्माची रीत स्वतः लिहून बघणार असाल तर पायथॉन घ्या, तिथे पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही. सी किंवा जावामध्ये लिहायचं असेल तर गुणाकाराच्या आधी ६४ बिटांचा प्रकार घ्या: आपली संख्या ३२ बिटांत मावते, तिचा वर्ग मावत नाही, आणि बहुतेक वेळा प्रोग्रॅम काही तक्रारही करत नाही.